बेडकुळी, उंदीर आणि जास्तीचा मासा

बाहेर पाऊस लागला होता आणि वीज गेली होती. पडवीत कंदील ठेवून आम्ही बसलो होतो. धाकटी नात विज्ञानाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, माणसाच्या शरीरात स्नायू किती असतात? एका वाक्यात उत्तर लिहायचंय."

मी विचारलं, "कोणाच्या शरीरात?"

"कोणाच्या म्हणजे? माणसाच्या!"

"हो, पण कोणत्या माणसाच्या? तुझ्या, दादाच्या, की आजीच्या?"

थोरला नातू कोपऱ्यातून म्हणाला, "आजोबा, सगळ्यांचे सारखेच असणार ना? डोळे दोन, बोटं वीस, तसे स्नायू इतके इतके."

मी वही तिच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. गोष्ट येणार हे दोघांनाही कळलं. ती चटईवर सरकून बसली, तोही जवळ आला.

"आधी दंड दाखव पाहू," मी नातवाला म्हटलं. त्याने मूठ आवळून कोपर दुमडलं. दंडावर टणक गोळा उभा राहिला. "याला आपण काय म्हणतो?"

"बेडकुळी!"

"बरोबर. कातडीखाली बेडूक दबा धरून बसावा तसं दिसतं, म्हणून आपल्या पूर्वजांनी बेडकुळी म्हटलं. रोमन लोकांना तिथं उंदीर दिसला. त्यांच्या लॅटिन भाषेत 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यावरूनच इंग्रजीतला 'मसल' आला. आता मला सांगा, मासा कुठे आहे?"

दोघं एकमेकांकडे बघू लागली.

"पोटरीत. चला, उभी राहा. चवड्यांवर उभं राहा आणि पोटरीला हात लावा. वर दोन फुगीर गोळे लागतात ना? तो वरचा स्नायू. त्याचं ग्रीकवरून आलेलं नाव गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे पायाचं पोट. आपल्या 'पोटरी'तही पोट ऐकू येतंच की! आता खाली बसा, गुडघे दुमडा आणि तशाच टाचा उचला. वरचा गोळा सैल पडला, पण टाच तरीही उचलली जाते. मग ती कोण उचलतंय?"

"खाली अजून कोणीतरी आहे," नात म्हणाली.

"आहे. त्या गोळ्याच्या खाली एक रुंद, चपटा स्नायू आहे. परवा आजीने बाजारातून लेप आणले होते, आठवतं? वाळूला चिकटून राहणारा तो चपटा मासा. इंग्रजीत त्याला सोल म्हणतात. त्याच्यासारखा चपटा म्हणून या स्नायूचं नाव सोलियस. वरचा गोळा उडी मारायला, झेप घ्यायला; आणि हा लेप तासन्‌तास उभं राहायला, चालायला. हा सहजासहजी थकत नाही. शिवाय त्याच्या पोटात रक्ताच्या शिरा आहेत. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा तो त्या पिळतो आणि पायात उतरलेलं रक्त वर हृदयाकडे ढकलतो. म्हणून काहीजण त्याला दुसरं हृदय म्हणतात."

दोघांनी आपापल्या पोटऱ्यांकडे नव्याने पाहिलं.

"आता टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरा. दोरखंडासारखी जाड शीर लागते ना? आजी तिला घोडशीर म्हणते. पोटरीतले हे दोन्ही स्नायू खाली येऊन तिच्यात मिसळतात आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. शरीरातली सगळ्यात जाड आणि बळकट कंडरा ती हीच. तिच्या पुढे, दोन्ही बाजूंना, बोट आत जाईल अशा खळ्या आहेत. आत मऊ चरबीची उशी आहे. माझी गोष्ट त्या आतल्या बाजूच्या खळीत घडली."

कंदिलाची वात मी थोडी वर केली.

"मी हाडांचा डॉक्टर होतो तेव्हा एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. सोळा वर्षांची. खो-खो खेळणारी. पळतीला उभी राहिली की पहिली दोन मिनिटं कोणाच्या हाती लागायची नाही. पण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डाव्या घोट्याच्या मागे आतून दाटून यायचं, मग दुखायचं, मग पाय जड व्हायचा. बसलं की थोड्या वेळाने जायचं. पुन्हा पळलं की पुन्हा तेच. आणि जिथे तुम्ही आत्ता बोट घातलंत, त्या खळीच्या जागी तिला फुगवटा होता. खळी भरून गेली होती."

"गाठ?" नातवाने हळूच विचारलं.

"त्याच शब्दाने तिच्या आईची झोप उडाली होती. कोणी मुरगळलंय म्हणालं, कोणी चोळून घ्या म्हणालं, कोणी हळद-आंबेहळदीचा लेप लावायला सांगितला."

"लेपावर लेप!" धाकटी म्हणाली, आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो. उत्तराच्या ती किती जवळ आली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी तिला पालथं झोपवलं. फुगवटा मऊ लागला. मग तिला चवड्यांवर उभं केलं. तोच फुगवटा माझ्या बोटाखाली टणक झाला. पुन्हा झोपवलं, पुन्हा मऊ. आता विचार करा. पाय हलवला म्हणून गाठ कधी कडक आणि मऊ होते का? दंडावरचा कोणता गोळा असा होतो?"

"बेडकुळी!" दोघं एकदम ओरडली.

"मलाही तेच वाटलं. जिथे फक्त चरबी असायला हवी तिथे बेडकुळी! मग एक्स-रे काढला. घोट्याचा बाजूने एक्स-रे काढला की घोडशीर आणि तिच्या पुढची हाडं-स्नायू यांच्यामध्ये चरबीचा काळसर त्रिकोण दिसतो. तिच्या फोटोत तो त्रिकोण भरून गेला होता. नंतर एमआरआय केला. त्या जागेचा करडा रंग शेजारच्या स्नायूंच्या रंगासारखाच होता, तंतोतंत. पोटरीतल्या लेपाला खाली एक जोडीदार होता. सोलियसच्या खालून निघून, घोडशिरेच्या पुढून आतल्या बाजूने उतरत तो थेट टाचेच्या हाडाला चिकटला होता. याला अ‍ॅक्सेसरी सोलियस म्हणतात. जास्तीचा सोलियस."

"जास्तीचा मासा," नात पुटपुटली.

"मी आईला म्हटलं, 'ताई, ही रोगाची गाठ नाही. हे मांस आहे, हिचं स्वतःचं, जन्मापासूनचं.' त्या माउलीने तिथेच डोळ्यांना पदर लावला."

"पण जन्मापासून होता तर सोळा वर्षं दुखला का नाही?" नातवाचा प्रश्न चोख होता.

"सांगतो. आधी तो आला कुठून ते ऐका. आईच्या पोटात बाळाचे पाय जेव्हा कळीएवढे असतात, तेव्हा त्यांत वेगवेगळे स्नायू नसतात. मांसाचे एकसंध गोळे असतात. आजी भाकरीच्या पिठाचा मोठा उंडा मळते आणि मग त्याचे एकेका भाकरीचे गोळे तोडते, तसे ते हळूहळू सुटे होतात. कधी सोलियसच्या वाट्याचा गोळा लवकर दुभंगतो. दोन्ही भाग वाढतात. एक घोडशिरेत जाऊन मिळतो, दुसरा आपली वाट धरून टाचेकडे जातो. लहानपणी तो बारीक असतो, चरबीत दडून राहतो. वयात येताना स्नायू भरतात, खेळ वाढतो, तसा तोही भरतो. म्हणून बहुतेकांना तो पंधरा-वीस-पंचवीसच्या सुमारास जाणवतो. आणि पुष्कळांना तर आयुष्यभर जाणवतच नाही."

"किती जणांना असतो?"

"शवविच्छेदन करून पाहिलेल्यांमध्ये तो ०.७ ते ५.५ टक्के सापडला आहे. म्हणजे हजार माणसांत कुठे सात, तर कुठे पंचावन्न. तुमच्या शाळेत हजार मुलं असतील तर त्यांतल्या काहींच्या पायात तो आत्ता असेल, आणि त्यांना पत्ताही नसेल."

नातीने चटकन आपल्या घोट्यामागची खळी चाचपली. मग दादाची.

"हे आपल्याला कसं कळलं, तेही समजून घ्या. १८४३ मध्ये पॅरिसच्या झाँ क्रुव्हेलिए यांनी या स्नायूचं वर्णन केलं. ते शरीररचनेचे मोठे अभ्यासक होते. मृत शरीर ते बारकाईने उलगडून बघायचे आणि पुस्तकात नसलेलं काही दिसलं तर तेही लिहून ठेवायचे. आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकं आधी सुश्रुतांनी मृतदेह कसा अभ्यासावा ते सांगितलंय. देह गवताने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा, वाहत्या पाण्यात एकांत जागी सोडायचा, आणि सात दिवसांनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने थरामागून थर हळूहळू घासून आतलं प्रत्येक अंग डोळ्यांनी बघायचं. त्यांनी माणसाच्या शरीरात ५०० पेशी, म्हणजे स्नायू मोजले. आजची पुस्तकं ६०० हून अधिक सांगतात. मोजणाऱ्यांनी कुठे एक धरला, कुठे दोन. आणि ज्यांचे मोजले, ते देहही एकमेकांसारखे नव्हते."

वाऱ्याने कंदील हलला. मी त्याला हाताने आडोसा केला.

"मी मेडिकलला होतो तेव्हा आमच्या टेबलावर ज्यांचा देह होता, त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं. पण घोटा कसा असतो ते मला त्यांनी शिकवलं. त्या मुलीच्या पायावर सुरी धरताना माझा हात थरथरला नाही, तो त्या अनोळखी माणसामुळे. देहदान करणाऱ्या माणसाचं ऋण असं दूरवर पोचतं. मोठे झालात की हे विसरू नका."

थोडा वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज येत राहिला.

"आणि दुखायचं का?" नातीने आठवण करून दिली.

"आजी मोड आणायला मटकी फडक्यात बांधते ना? फडकं सैल बांधलं तर मटकी फुगते आणि मोड येतात. आवळून गाठ मारली तर?"

"पुरचुंडी दगडासारखी होते. मधली मटकी चेपते."

"तसंच. प्रत्येक स्नायूभोवती पातळ पण चिवट आवरण असतं. स्नायू काम करू लागला की त्यात रक्त भरतं, तो फुगतो. मोठ्या स्नायूंना त्यांच्या आवरणात जागा असते. या जास्तीच्या स्नायूची पुरचुंडी फार आवळलेली. पळताना तो फुगायचा, फुगायला जागा नाही, मग आतला दाब वाढायचा. दाब वाढला की रक्त आत यायला अडचण. जास्त रक्त हवं असतं तेव्हाच कमी मिळायचं. उपाशीपोटी राबवून घेतल्यासारखं. तो कळवळायचा. बसल्यावर फुगवटा ओसरला की शांत.

"दुसरंही एक कारण असतं. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक अरुंद बोगदा तळपायाकडे जातो. त्यातून तीन कंडरा, एक धमनी, तिच्या शिरा आणि तळपायाचा मज्जातंतू जातात. तिथे आधीच दाटी. त्यात हा शेजारी फुगला की मज्जातंतू चेपतो आणि तळपायाला मुंग्या येतात, आग होते. त्या मुलीलाही खेळ संपल्यावर तळव्याला मुंग्या यायच्या."

"मग तुम्ही लगेच ऑपरेशन केलंत?"

"नाही. ज्याला असा स्नायू आहे पण दुखत नाही, त्याला काहीही करायचं नसतं. पाहुणा शांत बसलाय तर त्याला उठवायचं नाही. दुखत असेल तर आधी विश्रांती, खेळ कमी, व्यायाम, बुटात आधार. मी तिला तीन महिने पळायचं थांबवलं. दुखणं गेलं. ती आनंदाने मैदानावर गेली, आणि पंधरा दिवसांत परत आली. तिने मला विचारलं, 'डॉक्टर, मी खेळ सोडला तर पाय बरा राहील. पण मला खेळ सोडायचा नाही. दुसरा उपाय आहे का?'

"दोन उपाय होते. एक, आवरण चिरून पुरचुंडी मोकळी करायची आणि स्नायू तिथेच ठेवायचा. दुसरा, तो स्नायू काढून टाकायचा. तिच्या पायात मज्जातंतूलाही जागा हवी होती, म्हणून आम्ही दुसरा निवडला. तिने विचारलं, 'तो काढला तर माझी ताकद जाईल?' मी सांगितलं, 'टाच उचलण्याचं खरं काम पोटरीचे मोठे स्नायू करतात. त्यांना मी हातही लावणार नाही.'"

"ऑपरेशन कसं केलंत?" नातू पुढे सरकला. "सगळं सांगा."

"कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला. तिला पालथं झोपवलं. मांडीला हवेचा पट्टा बांधून रक्ताचा ओघ थोड्या वेळापुरता थांबवला, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. मग घोडशिरेच्या आतल्या बाजूला, तिच्या समांतर, बोटभर लांबीचा छेद घेतला. कातडी, मग चरबी, आणि मग ते आवरण. पांढुरकं, चकचकीत, ताणलेलं. त्याला टोकाने चीर दिली मात्र, आणि आतलं लालभडक मांस त्या चिरेतून फुगून वर आलं. इतकी वर्षं कोंडलेला श्वास सुटावा तसं. दुखणं नक्की कशाचं होतं ते तेव्हा डोळ्यांना दिसलं.

"पण घाई करायची नसते. त्याच्याच शेजारी ती धमनी आणि तो मज्जातंतू आहेत. आधी ते शोधले, हलक्या हाताने सुटे केले, पट्टीने बाजूला धरून ठेवले. त्यांना धक्का लागला तर तळपाय कायमचा बधिर होऊ शकतो. हाताला ठाऊक असतं की इथे एक केसही इकडचा तिकडे होता कामा नये. मग त्या स्नायूत शिरणारी छोटी रक्तवाहिनी सापडली, ती बांधली. टाचेच्या हाडाला चिकटलेलं त्याचं टोक सोडवलं. खालून वर, हळूहळू, आजूबाजूच्या थरांतून त्याला मोकळा करत गेलो आणि तो बाहेर आला. माझ्या तळहातावर मावेल एवढा. चपटा, निमुळता. लेपाच्या पिल्लासारखा."

नातीने श्वास रोखला होता.

"मग मांडीचा पट्टा सोडला. रक्त पुन्हा वाहू लागल्यावर कुठे झिरपतंय का ते पाहिलं, ते बंद केलं. इथे रक्त साठून राहिलं तर जखम भरायला त्रास होतो, म्हणून हे काम शांतपणे करावं लागतं. टाके घातले. काढलेल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला: निरोगी स्नायू. तिच्या आईने तो कागद घडी करून देवापाशी ठेवला, असं मला नंतर कळलं."

"मग?"

"दोन आठवडे पाय आधारपट्टीत. टाके काढले. मग थोडं चालणं, मग घोट्याचे व्यायाम, मग चवड्यांवर उभं राहणं, आधी दोन पायांवर, नंतर एका. पळायला परवानगी तीन महिन्यांनी. पावसाळा सरल्यावर शाळेच्या मैदानावर ती पुन्हा पळतीला उभी राहिली. मी बघायला गेलो होतो. तिसरं मिनिट झालं, चौथं झालं. मी घड्याळ बघत होतो. ती बघत नव्हती. ती खांबाला वळसा घालून हुलकावणी देण्यात गुंग होती. त्या दिवशी मी घरी आलो आणि आजीला म्हटलं, आज पगार मिळाला."

नातीने सुस्कारा टाकला. मग तिला काहीतरी आठवलं. "म्हणजे निसर्गाने तिच्या पायात चूक केली होती?"

हाच प्रश्न यावा म्हणून मी इतकी गोष्ट सांगितली होती.

"नाही गं. कारखान्यात साच्यातून निघालेल्या बरण्या एकसारख्या असतात. कुंभाराच्या चाकावरची मडकी तशी नसतात. एकाचा काठ जाड, एकाचं पोट मोठं. पाणी सगळ्यांत गार राहतं. आपली शरीरं चाकावरची आहेत. तिच्या पायात एक गोळा जास्त होता, यात वाईट काही नव्हतं. फक्त त्याला पुरेशी जागा मिळाली नव्हती, म्हणून दुखलं. डॉक्टरचं काम शरीराला पुस्तकासारखं करण्याचं नाही. समोरच्या माणसाचं शरीर कसं आहे ते बघायचं, आणि त्याला जिथे जागा कमी पडते तिथे ती करून द्यायची.

"पटत नसेल तर मनगटं पुढे करा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा उभी राहते, दिसली?"

नातवाच्या दोन्ही हातांवर ती ठळक उभी राहिली. नातीच्या उजव्यावर होती, डाव्यावर नव्हती. ती घाबरून माझ्याकडे बघू लागली.

"हा पाल्मारिस लाँगस नावाचा स्नायू. शंभरातल्या पंधराएक जणांना एका किंवा दोन्ही हातांत तो नसतोच. शरीरात दुसरीकडे कंडरा बसवायची वेळ आली तर आम्ही शल्यचिकित्सक याचीच कंडरा काढून वापरतो, कारण ती नसली तरी हाताचं काम अडत नाही. जा, आजीचे हात बघून या."

दोघं कंदील घेऊनच स्वयंपाकघरात पळाली. मी अंधारात बसून राहिलो. आतून आजीचा आवाज आला, "अरे पीठ लागलंय हातांना!" मग थोडी शांतता. मग नातीची किंकाळी, "आजोबा, आजीच्या एकाही हातावर नाही!"

मला ते चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्याच हातांनी तिने रोज तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, विहिरीचं पाणी शेंदलं, तीन मुलं वाढवली.

नात परत आली. कंदिलाजवळ बसून तिने वही उघडली. बराच वेळ पेन्सिल ओठांवर आपटत राहिली आणि मग लिहिलं. मी वाकून वाचलं:

"माणसाच्या शरीरात ६०० हून अधिक स्नायू असतात, पण प्रत्येकात किती ते त्याला बघूनच सांगता येते."

"बाईंनी चूक दिली तर?" तिने विचारलं.

"तर बाईंना म्हणावं, तुमचं मनगट दाखवा."